चार पैसे जास्त कुठं द्यायचे, कुठं वाचवायचे? सीमाभागातल्या रोजच्या खरेदीचा हिशेब

मन्नाएखेळ्ळी : दुकानात गिऱ्हाईक उभं राहिलं की काउंटरच्या पलीकडून एकच प्रश्न येतो, "कंपनीचं देऊ का साधं?" गॅसची नळी असो, वायरचं बंडल असो, कुकर असो नाहीतर पायातली चप्पल असो. गिऱ्हाईक दोन्ही वस्तू हातात घेऊन बघतं, किमतीतला फरक मनात मोजतं आणि बहुतेक वेळा खिशाकडं बघून ठरवतं. कंपनीचं म्हणजे चांगलंच आणि साधं म्हणजे फसवणूकच, असं समजणारे एकीकडं. सगळं एकाच कारखान्यात बनतं, नुसता शिक्का वेगळा, असं समजणारे दुसरीकडं. खरं उत्तर वस्तूप्रमाणं बदलतं. सीमाभागात तर ते गावाप्रमाणंही बदलतं.

चिटगुप्पा तालुक्यातलं मन्नाएखेळ्ळी पुणे–सोलापूर–हैदराबाद या राष्ट्रीय महामार्ग ६५ वर आहे. एका अंगाला हुमनाबाद, दुसऱ्या अंगाला तेलंगणातलं जहिराबाद आणि वर बीदर. इथला माणूस एका महिन्यात तीन राज्यांच्या बाजारात फिरतो. लग्नाचा बस्ता हैदराबादला किंवा सोलापूरला, मोटार-पंखा जहिराबादला, पाहुण्यांच्या गावी गेलं की उदगीर नाहीतर उमरग्याहून किराणा. त्यामुळं "तिकडं स्वस्त मिळतं" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. ते अजून किती खरं आहे, तिथूनच सुरुवात करावी लागेल.

कराची भिंत सरकली

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्याराज्यांतला व्हॅटचा फरक बहुतेक वस्तूंवरून गेला. साबण, कुकर, चप्पल, पंखा यांवरचा कर बीदरला जेवढा, तेवढाच उदगीरला आणि जहिराबादला. पेट्रोल, डिझेल आणि दारू अजून जीएसटीच्या बाहेर आहेत, म्हणून त्यांचे भाव हद्द ओलांडली की बदलतात. बाकी मालात आज जो फरक दिसतो तो दुकानदाराच्या नफ्याचा, मालाच्या दर्जाचा किंवा बिल न देण्याचा असतो. राज्याच्या कराचा नसतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जाऊन मुख्यतः ५ आणि १८ हे दोनच टप्पे राहिले. साबण, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल १८ वरून ५ वर आलं. स्वयंपाकघरातली भांडी १२ वरून ५ वर आली. पण दर्जाच्या दृष्टीनं महत्त्वाचा बदल चप्पल-बूट आणि कपड्यांत झाला. पूर्वी हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर १२ टक्के आणि त्याच्या वर १८ टक्के कर होता. आता अडीच हजार रुपयांपर्यंतच्या जोडीवर ५ टक्केच आहे. कपड्यांत हजारापर्यंत ५ आणि वर १२ असं होतं, आता अडीच हजारांपर्यंत ५ आणि त्याच्या वर १८ आहे.

याचा अर्थ सोपा आहे. आधी जो माणूस जरा टिकाऊ बूट घ्यायला हजाराच्या वर जायचा, त्याला सरकार जास्त कर लावायचं. करासह १५०० रुपयांना मिळणाऱ्या बुटाची मूळ किंमत १८ टक्के कर धरून साधारण १२७१ रुपये होते. त्यावर ५ टक्के लावले की १३३५ रुपये होतात. म्हणजे दुकानदारानं पूर्ण सूट पुढं दिली असेल तर त्याच बुटाला १६५ रुपये कमी पडतात. चांगल्या आणि साध्या मालातलं अंतर थोडं कमी झालं आहे. जुनाच भाव सांगितला जात असेल तर विचारण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे.

पहिली कसोटी : वस्तू बिघडली तर काय होईल?

जास्त पैसे द्यायचे की नाही हे ठरवताना पहिला प्रश्न किमतीचा नाही, नुकसानीचा आहे. बादली फुटली तर पाणी सांडतं. गॅसची नळी फुटली तर घर जळतं. दोन्हीला एकच नियम लावता येत नाही.

गॅसची रबरी नळी, रेग्युलेटर, शेगडी, कुकर, वायर, स्विच, प्लग आणि हेल्मेट. ही यादी घराच्या दारावर लिहून ठेवावी अशी आहे. यातली एकही वस्तू रोज घ्यावी लागत नाही, पण प्रत्येक वस्तू रोज वापरात असते. इथं वाचवलेले शंभर-दोनशे रुपये ही बचत नव्हे, तो जुगार आहे.

यात ओळखीची खूणही सरकारनं ठरवून दिलेली आहे. आयएसआय चिन्हाच्या वरच्या बाजूला मानकाचा क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. नुसतं चिन्ह कुणीही छापू शकतो. परवाना क्रमांक मोबाईलवरच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही ते दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे.

दुचाकीच्या हेल्मेटला आयएस ४१५१ हे मानक आहे आणि १ जून २०२१ पासून या चिन्हाशिवाय हेल्मेट विकताच येत नाही. तरी महामार्गाच्या कडेला दोरीवर टांगलेली हेल्मेटं सगळीकडं दिसतात. ती पोलिसांसाठी घेतलेली टोपी आहे, डोक्यासाठी नाही. मन्नाएखेळ्ळीसारख्या गावात शेतातून घरी येतानाही महामार्ग ओलांडावा लागतो, ट्रक रात्रंदिवस चालू असतात. तिथं हा फरक जिवाचा आहे.

कुकरवरही १ फेब्रुवारी २०२१ पासून आयएसआय सक्तीचं आहे. म्हणून ऑनलाइन घेतलं म्हणजे खात्रीचं, असंही नाही. मानकाविना कुकर विकू दिल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्ये ॲमेझॉनला १ लाख रुपये दंड केला होता आणि २,२६५ कुकर परत घेऊन गिऱ्हाइकांचे पैसे देण्याचा आदेश दिला होता. एवढ्या मोठ्या बाजारात हे होत असेल तर आठवडी बाजारात कुकरच्या बुडाखाली बघून घेण्यात लाज वाटायचं कारण नाही. गॅसची नळी चांगली असली तरी पाच वर्षांनी बदलायची असते. नळीवर छापलेली तारीख बघावी.

वायरची फसवणूक जरा वेगळी असते. बंडल जाड दिसतं, पण जाडी प्लॅस्टिकची असते आणि आत तांबं कमी. घर बांधताना लाखो रुपये खर्च होतात आणि भिंतीच्या आत जाणाऱ्या वायरवर दोन-तीन हजार वाचवले जातात. रंग बिघडला तर पुन्हा देता येतो, भिंतीतली वायर बदलायला भिंत फोडावी लागते. जे झाकलं जाणार आहे आणि पुन्हा उघडता येणार नाही, तिथं हात आखडू नये, हा जुन्या गवंड्यांचा नियम आजही लागू आहे.

दुसरी कसोटी : दिवसाला किती पडलं?

जिथं जिवाचा प्रश्न नाही तिथं हिशेब करावा. किंमत भागिले टिकण्याचे महिने, एवढंच गणित. समजा २०० रुपयांची चप्पल चार महिने टिकते. वर्षाला तीन जोड, ६०० रुपये. ७०० रुपयांची चप्पल दीड वर्ष टिकली तर वर्षाला साधारण ४६७ रुपये पडले. शिवाय ती मोचीकडून शिवून घेता येते, स्वस्तातली फेकावी लागते. इंग्रजी कादंबरीकार टेरी प्रॅचेटनं १९९३ च्या 'मेन ॲट आर्म्स' या कादंबरीत बुटांवरूनच हा मुद्दा मांडला आणि तो पुढं अर्थशास्त्राच्या चर्चेत आला. गरीब माणूस स्वस्त बूट पुन्हा पुन्हा घेत शेवटी श्रीमंतापेक्षा जास्त खर्च करतो, असा त्याचा मतलब. आपल्याकडं आजीबाई हेच 'सस्ता रोये बार बार' असं दखनी ढंगात सांगत आल्या.

पण हे गणित उलटंही चालतं. वाढत्या वयाच्या पोराला दीड वर्ष टिकणारा बूट घेऊन उपयोग नाही, पाय सहा महिन्यांत वाढतो. वर्षातून दोनदा घालायच्या कपड्यावर चार हजार घालणं आणि रोज अंगावर असणाऱ्या कपड्याला दोनशे कमी करणं, हा हिशेब लग्नसराईत हमखास चुकतो. रोज हातात येणारी वस्तू म्हणजे विळी, खुरपं, टॉर्च, पाण्याची मोटार, पायातलं, पाठीखालची गादी. इथं जास्त दिलेले पैसे रोज परत मिळतात. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या वस्तू कपाटातच जुन्या होतात.

पंखा एक, हिशेब तीन

सीमाभागाचा खरा खेळ पंख्यात दिसतो. साधा छताचा पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो. नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो. रोज १२ तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर ४५ वॅटच्या फरकानं वर्षाला १६२ युनिट वाचतात. समजा युनिट सरासरी ७ रुपयांनी पडतं, तर वर्षाला ११३४ रुपये वाचले. पंख्याच्या किमतीत हजार-बाराशेचा फरक असेल तर साधारण वर्षभरात तो निघून येतो.

हा हिशेब उदगीर, देगलूर, उमरग्याच्या घराला लागू आहे. महाराष्ट्रात १०० युनिटच्या वर गेलं की दर चढतो, म्हणून वाचलेलं युनिट वरच्या दराचं असतं. तिथं चांगला पंखा म्हणजे खात्रीची बचत.

मन्नाएखेळ्ळीत, भालकीत, औरादमध्ये, बसवकल्याणमध्ये चित्र वेगळं आहे. कर्नाटकात ऑगस्ट २०२३ च्या बिलापासून गृहज्योती योजना लागू आहे. २०२२-२३ मधल्या सरासरी वापरात थोडी वाढ धरून घराची मर्यादा ठरते. ती मर्यादा आणि २०० युनिट यांच्या आत राहिलं तर बिल शून्य. मर्यादेच्या वर पण २०० च्या आत गेलं तर वरच्या युनिटांचे पैसे. २०० ओलांडले तर पूर्ण बिल. म्हणजे ज्या घराचं बिल वर्षभर शून्य येतं, त्याला महागड्या पंख्यानं एक रुपयाही वाचत नाही. त्या घरानं साधा पण चांगल्या वाइंडिंगचा पंखा घेतला तरी चुकलं म्हणता येणार नाही.

उलट उन्हाळ्यात ज्या घराचा आकडा २१५-२२० वर जातो, त्याच्यासाठी तोच पंखा सोन्याचा आहे. एक पंखा महिन्याला साधारण १६ युनिट वाचवतो. दोन पंख्यांत ३२. आकडा २०० च्या खाली आला की पूर्ण बिलाऐवजी फक्त मर्यादेवरच्या युनिटांचे पैसे भरायचे. तेलंगणातही मार्च २०२४ पासून पात्र रेशनकार्डधारकांना २०० युनिटपर्यंत मोफत वीज आहे आणि २०० ओलांडलं की सवलत जाते. म्हणून पंख्याच्या दुकानात जाण्याआधी मागच्या बारा महिन्यांची बिलं काढून बघावीत. दुकानदार जाहिरातीतला हिशेब सांगेल, तुमच्या घराचा नाही. योजना कायमच्या राहतील असंही कुणी गृहीत धरू नये. पंखा दहा वर्षं चालतो, मधे निवडणुका दोन येतात.

जिथं जास्त देऊन हाती काही लागत नाही

दर्जाच्या नावाखाली नुसता दिखावा विकला जातो अशीही मोठी यादी आहे. तूरडाळच घ्या. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, या भागाची ओळखच तुरीची. तरी दुकानात गिऱ्हाईक चकचकीत डाळ मागतं. डाळीला चमक पॉलिशनं येते. त्यानं चवही वाढत नाही, पोषणही नाही. मंद रंगाची, पावडर बसलेली बिनपॉलिशची डाळ शिजायला आणि खायला बरी. तिला कधीकधी जास्त भाव सांगतात, पण खरं बघता तिच्यावर एक काम कमी झालेलं असतं. इथं पैसे चमकेला द्यायचे नाहीत. डाळ स्वच्छ आहे का, दाणा एकसारखा आहे का, लाखेची भेसळ नाही ना, हे बघायला द्यायचे.

मिठाचंही तसंच. थेट खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकायला २००६ पासून बंदी आहे. म्हणजे पिशवीवर 'आयोडीनयुक्त' असं लिहिलेलं कुठलंही सीलबंद मीठ मूळ काम करतं. त्यापुढं गुलाबी, काळं, डोंगरातलं अशा नावांना द्यायचे पैसे हौसेचे समजावेत.

औषधांत हा फरक सगळ्यात मोठा असतो. जनऔषधी केंद्रांची योजना २००८ पासून चालू आहे. तिथं तोच घटक असलेली गोळी ब्रँडच्या निम्म्या किमतीत, कित्येकदा त्याहून खूप कमी किमतीत मिळते. रक्तदाब, साखर यांच्या गोळ्या आयुष्यभर चालतात, म्हणून महिन्याचे तीनशे-चारशे वाचले तर वर्षाला चार-पाच हजार होतात. गोळी बदलताना डॉक्टरांना घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम विचारून घ्यावं, पाकिटावर तेच आहे का ते जुळवावं आणि बिल घ्यावं. जास्त किंमत म्हणजे जास्त गुण, हा नियम औषधाला लागत नाही.

साबण-शाम्पूत पाकिटावरची किंमत न बघता ग्रॅमची किंमत बघावी. मोठं पाकीट स्वस्त पडतं असा समज आहे, पण शाम्पूची एक-दोन रुपयांची पुडी मिलिलीटरच्या हिशेबात बऱ्याचदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांत किंमत तीच ठेवून वजन कमी होत जातं, तेही नजरेत ठेवावं लागतं.

ओळखताच येत नाही तिथं काय करायचं?

सगळ्यात अवघड गठ्ठा हा आहे. तेल, तूप, मध, दूध, बियाणं. हातात घेऊन कळत नाही, चाखूनही नेहमी कळत नाही. अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण देऊन सांगितलं की गिऱ्हाइकाला चांगलं-वाईट ओळखता आलं नाही तर ते सगळ्यालाच मध्यम भाव देतं. त्या भावात चांगला माल विकणाऱ्याला परवडत नाही, तो बाजार सोडतो आणि शेवटी खराब मालच उरतो. २००१ मध्ये त्यांना या कामासाठी नोबेल मिळालं. बीदर-कलबुर्गी भागात करडईच्या तेलाचं हेच झालं. एके काळी घरोघरी करडई आणि शेंगदाण्याचं तेल होतं. पाम आणि सोयाबीनचं स्वस्त तेल आलं, मिसळ सुरू झाली आणि खरं करडईचं तेल विकणाऱ्याला त्याचा भाव मिळेना.

आता पुन्हा घाण्याच्या तेलाची हवा आहे. भाव दुपटीनं सांगतात. तो द्यावा का? त्यासाठी चव नव्हे, कच्च्या मालाचा हिशेब कामाला येतो. २०२५-२६ च्या रब्बी विपणन हंगामासाठी करडईचा हमीभाव ५,९४० रुपये क्विंटल होता, म्हणजे किलोला साधारण ६०. घाण्यावर एक लिटर तेलाला जवळपास चार किलो करडई लागते असं धरलं तर माल झाला २४० रुपयांचा. समजा पेंड विकून ६० रुपये आले, तरी १८० उरले. त्यावर वीज, मजुरी, बाटली, दुकानाचा नफा. म्हणजे 'घाण्याचं शुद्ध करडई' दीडशे रुपये लिटरनं कुणी देत असेल तर तो धर्मादाय करतो आहे नाहीतर काहीतरी मिसळतो आहे. उलट कुणी पाचशे सांगत असेल तर तो नावाचे पैसे घेतो आहे. स्वतःची करडई नेऊन डोळ्यांसमोर तेल काढून घेणं हा जुना मार्ग आजही सगळ्यात खात्रीचा आहे. पिंपातलं सुटं तेल मात्र टाळलेलंच बरं. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या तेलाची भेसळ होऊन लोक दगावले, सुट्या तेलावरचे कडक नियम त्यानंतर आले.

बियाण्यात तीन पिकांचे तीन नियम

शेतकऱ्याच्या घरात वर्षाची सगळ्यात मोठी दर्जाची खरेदी बियाण्याची असते. इथंही सरसकट महाग घेणं चूक आणि सरसकट घरचं वापरणंही चूक.

सोयाबीन स्वपरागी पीक आहे. एकदा प्रमाणित बियाणं घेतलं की त्याचं घरचं बी दोन-तीन वर्षं वापरता येतं. पेरणीआधी ओल्या पोत्यात शंभर दाणे गुंडाळून ठेवावेत आणि सत्तर किंवा जास्त उगवले तर ते बी पेरणीलायक समजावं. दरवर्षी नवी बॅग घेण्याची गरज नसते. मात्र सोयाबीनचा दाणा नाजूक असतो, मळणीत फुटतो आणि पोत्यांची थप्पी उंच लावली तर उगवण जाते. म्हणून घरचं बी ठेवायचं तर काळजीही घरचीच घ्यावी लागते.

तुरीत पैसा वाणासाठी द्यायचा. २०२२ च्या खरिपात कलबुर्गी भागात मर रोगानं तुरीचं मोठं नुकसान झालं, ते अजून लोक विसरलेले नाहीत. कलबुर्गीच्या संशोधन केंद्राचं टीएस-३आर, बदनापूरचं बीडीएन-७११ असे मर रोगाला तोंड देणारे वाण उपलब्ध आहेत. रयत संपर्क केंद्रात सवलतीनं बियाणं मिळतं. एकरी थोडे पैसे जास्त गेले तरी उभं पीक वाळण्यापेक्षा बरं.

कापसाच्या संकरित बियाण्यात घरचं बी चालतच नाही. पण तिथं जास्त पैसे देण्यातही अर्थ नाही, कारण कमाल किंमत केंद्र सरकार ठरवतं. २०२५ च्या खरिपात बीजी-२ च्या पाकिटाला ती ९०१ रुपये होती, कंपनी कुठलीही असो. "हा वाण शॉर्ट आहे" म्हणून वर मागितलेले पैसे दर्जाचे नसतात, काळ्या बाजाराचे असतात. पिशवीवरची खूणचिठ्ठीही बघावी. पायाभूत बियाण्याला पांढरी आणि प्रमाणित बियाण्याला निळी असते. पिशवी, खूणचिठ्ठी, बिल आणि मूठभर बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवलं तरच तक्रारीला आधार राहतो.

एकदम पैसे नसतील तर?

चांगलं घेणं शेवटी स्वस्त पडतं हे सगळ्यांना कळतं. अडचण ही की चांगल्या वस्तूचे पैसे एकदम द्यावे लागतात आणि मजुरी आठवड्याला येते. म्हणून लोक साधं घेतात. त्यांना अक्कल नाही म्हणून नव्हे. हप्त्यावर घ्यावं तर व्याज आणि दंड मिळून टिकाऊपणाचा सगळा फायदा खाऊन टाकतात.

इथं जुनी भिशी उपयोगाची आहे. कर्नाटकात स्त्रीशक्ती संघ आहेत, गृहलक्ष्मीचे महिन्याला २००० रुपये ऑगस्ट २०२३ पासून बायकांच्या खात्यात येतात. महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीचे १५०० आहेत. हप्ता कधी लांबतो हे खरं, पण घरातली खरेदी ठरवणाऱ्या बाईच्या हातात पहिल्यांदाच स्वतःचा पैसा आला आहे. दहा जणींनी दोनशे-दोनशेची वेगळी भिशी लावली तर दर महिन्याला एका घरात दोन हजारांचा चांगला कुकर, शेगडी नाहीतर पंखा बिनव्याजी येतो. क्रम मात्र ठरवावा लागेल. आधी ज्यानं जीव जाऊ शकतो ती वस्तू, मग जी रोज वापरात आहे ती, शेवटी दिसायला बरी ती.

बिल नाही तर दर्जाही नाही

सगळ्याच्या मुळाशी बिल आहे. "बिल पाहिजे तर कर वेगळा लागेल" हे वाक्य तिन्ही राज्यांत सारखंच ऐकू येतं. कराचे शंभर रुपये वाचवायला गिऱ्हाईक कच्च्या चिठ्ठीवर वस्तू आणतं आणि वॉरंटी तिथंच सोडून येतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणं विक्रीनंतर बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीही तशीच. त्यामुळं भिंतीवर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं रंगवलं असलं तरी सदोष मालाला ते लागू होत नाही.

सीमाभागासाठी याच कायद्यात एक मोठी सोय आहे. पूर्वी दुकान जिथं तिथं तक्रार करावी लागायची. आता गिऱ्हाईक जिथं राहतं किंवा काम करतं तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. जहिराबादला घेतलेल्या मोटारीची तक्रार बीदरला, सोलापूरला घेतलेल्या फ्रिजची तक्रार कलबुर्गीला. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तर बरीच प्रकरणं तिथंच मिटतात. भाषा वेगळी, राज्य वेगळं, आता तिकडं कोण खेपा घालणार, या विचारानं गप्प बसणाऱ्यांची संख्या इथं मोठी आहे. ती खेप आता घालावी लागत नाही. पण हातात बिल नसेल तर हा सगळा कायदा कागदावरच राहतो.

तेव्हा पुढच्या वेळी "कंपनीचं देऊ का साधं?" असं विचारलं की किमतीच्या आधी तीन गोष्टी बघाव्यात. बिघडली तर काय जाईल, दिवसाला किती पडेल आणि चांगली आहे हे कशावरून कळेल. तिन्हीची उत्तरं मिळाली तर साधं घेण्यातही कमीपणा नाही आणि महाग घेण्यातही उधळपट्टी नाही. आणि घेतलं ते काहीही असो, पक्कं बिल घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नये.